वाचक विचारतात : राणी शार्लट

गेल्या महिन्याच्या अंकात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या आजारपणावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात त्याची राणी शार्लट हिचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता आणि नेमक्या त्याच दोन ओळींनी वाचकांचे कुतूहल चाळवले, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. पत्रे बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या वेळचे सदर राणीसाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : इंग्लंडसारख्या बलाढ्य देशाच्या राजाने वधू शोधायला जर्मनीतल्या, नकाशावर सापडणेही कठीण अशा संस्थानात माणूस का धाडावा? आपल्याच देशातील एखाद्या सरदाराची मुलगी त्याला चालली नसती का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

मनातून त्याला ती चालली असती. राज्यावर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी तिसऱ्या जॉर्जचे मन लेडी सारा लेनॉक्स या उमरावकन्येवर जडले होते. पण प्रजेतील मुलगी राणी झाली की तिचे भाऊबंद दरबारात डोईजड होतील, हा त्याचा सल्लागार लॉर्ड ब्यूट याचा धाक होता आणि राजाने तो मानला. पुढे राजाच्या लग्नात नवरीच्या दहा करवल्यांमध्ये ही सारा उभी होती, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

देशातली मुलगी नको म्हटल्यावर बाहेरची शोधणे आले आणि तिथे १७०१ चा कायदा आडवा येत होता. कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्याचा इंग्लंडच्या गादीवरील हक्क संपतो, असे त्या कायद्याने ठरवून टाकले होते. त्यामुळे फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया येथील मोठी राजघराणी एकदमच बाद झाली आणि उरली ती मुख्यतः उत्तर जर्मनीतील लहानमोठी प्रॉटेस्टंट संस्थाने. इंग्लंडचा राजा त्या काळी जर्मनीतील हॅनोव्हरचाही अधिपती असल्यामुळे या घराण्यांशी त्याचे जुने सोयरसंबंध होतेच. स्थळांची यादी झाली, गुपचूप चौकश्या झाल्या, एकेक नाव या ना त्या कारणाने गळत गेले आणि शेवटी मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ या संस्थानातील सतरा वर्षांच्या सोफिया शार्लटवर गाडी येऊन थांबली. या संस्थानाला युरोपच्या राजकारणात कोणी विचारत नव्हते. पण तेच या स्थळाचे बलस्थान ठरले. सून येईल, पण तिच्या मागोमाग माहेरचे हितसंबंध येणार नाहीत, असा तो हिशेब होता. शार्लटच्या पुढच्या आयुष्यातील बऱ्याच गोष्टींची किल्ली मला या हिशेबात दिसते, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

तिचा जन्म १९ मे १७४४ रोजी मीरो या गावी झाला. १७५२ मध्ये वडील वारले, थोरला भाऊ ड्यूक झाला आणि कुटुंब नॉयस्ट्रेलिट्झच्या राजवाड्यात राहायला गेले. इंग्लंडहून कर्नल डेव्हिड ग्रेम बोलणी करायला तिथे पोहोचला तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळली होती. २९ जून १७६१ रोजी आई गेली आणि ८ जुलै रोजी राजाने लंडनमध्ये विवाहाचा निश्चय जाहीर केला. आपल्याकडच्या हिशेबाने सुतकही फिटले नव्हते. ऑगस्टमध्ये अॅडमिरल अॅन्सनच्या देखरेखीखाली तिला आणायला जहाजे गेली. उत्तर समुद्र खवळलेला होता, प्रवास लांबला, बरोबरच्या इंग्रज बायका उलट्यांनी आडव्या झाल्या आणि नवरी मुलगी मात्र जहाजावरच्या हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यावर गाणी वाजवत होती, असे त्या प्रवासाचे वर्णन केले जाते.

८ सप्टेंबर १७६१ रोजी दुपारी ती लंडनमध्ये सेंट जेम्स राजवाड्यात पोहोचली आणि त्याच रात्री तिथल्या प्रार्थनागृहात तिचे लग्न लागले. नवऱ्याला तिने त्या दुपारपर्यंत पाहिलेले नव्हते आणि इंग्रजीही तिला येत नव्हते म्हटले तरी चालेल. तिच्या अंगावर जांभळ्या मखमलीचा, आतून पांढरी केसाळ कातडी लावलेला झगा होता आणि तो इतका वजनदार होता की त्याच्या ओढीने खालचा पोशाखही खांद्यांवरून घसरत होता, अशी खवचट नोंद त्या काळचा लेखक होरेस वॉलपोल याने करून ठेवली आहे. सप्टेंबरच्या २२ तारखेला राज्याभिषेक झाला. राजकारणात लक्ष घालायचे नाही, अशी ताकीद राजाने तिला सुरुवातीलाच दिली होती आणि पुढची सत्तावीस वर्षे, म्हणजे राजाचे मन बिघडेपर्यंत, तिने ती पाळली.

प्रश्न : एका लोकप्रिय वेबमालिकेत शार्लट राणी कृष्णवर्णीय दाखवली आहे. आमच्या महाविद्यालयात यावरून चांगलीच जुंपली. यात ऐतिहासिक तथ्य किती? — एक विद्यार्थिनी, ऐरोली

मालिकेने कल्पनेचे स्वातंत्र्य घेतले आहे आणि तसे घ्यायला हरकत नाही. मात्र तिला पुरावा मानता येणार नाही. या दाव्यामागचा धागा असा आहे. पोर्तुगालचा राजा तिसरा अफॉन्सो याने तेराव्या शतकात फारो हे शहर जिंकले आणि तिथल्या मद्रागाना नावाच्या स्त्रीपासून त्याला मुले झाली. तिच्या वंशात पंधराव्या शतकात मार्गारिता द कास्त्रो इ सोझा ही स्त्री झाली आणि तिच्यापासून निघालेली एक शाखा जर्मन राजघराण्यांत मिसळत शार्लटपर्यंत येते. मद्रागाना ‘मूर’ होती, असे एका जुन्या पोर्तुगीज लेखकाने लिहिले आहे. त्या आधारावर शार्लट आफ्रिकी वंशाची होती, हे मत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले.

यात दोन गाळलेल्या जागा आहेत. त्या काळी इबेरियातील मुसलमान रहिवाशाला सरसकट मूर म्हणत, त्यामुळे मद्रागानाचा वर्ण या उल्लेखावरून ठरत नाही. ती अरबी वळणाच्या ख्रिस्ती समाजातील असावी, असेही काही अभ्यासक मानतात. दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. मद्रागाना आणि शार्लट यांच्यामध्ये पाचशे वर्षांचे, म्हणजे ढोबळमानाने पंधरा पिढ्यांचे अंतर आहे. पंधरा पिढ्या मागे गेले की कोणाच्याही वंशवृक्षात पूर्वजांच्या ३२,७६८ जागा तयार होतात. त्यांतील एका जागेवर मद्रागाना बसली, तर तिच्यामुळे शार्लटच्या नाकाडोळ्यांचा आकार ठरला असे म्हणणे कठीण आहे. शिवाय तोच पूर्वज युरोपातील इतर कितीतरी राजेराण्यांच्या वंशवृक्षातही सापडतो.

मग ही चर्चा शार्लटभोवतीच का फिरते, असे आपल्या मैत्रिणी विचारतील. त्याचे कारण तिच्या रूपाविषयीचे समकालीन शेरे. ती देखणी नव्हती, तोंड मोठे होते, नाकपुड्या रुंद होत्या, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे. आणि म्हातारपणी तिला पाहिलेल्या श्टॉकमार या जर्मन वैद्याने तिच्या चेहऱ्याला मिश्रवर्णीयाची उपमा दिली आहे. अॅलन रॅमसेने काढलेल्या तिच्या चित्रांतही काहींना तसे दिसते. दरबारी टवाळखोरांच्या शेऱ्यांना वंशशास्त्राचे वजन देऊ नये, एवढेच मी म्हणेन. इतिहासकारांपैकी बहुसंख्य हा दावा स्वीकारत नाहीत.

प्रश्न : बागकामाच्या एका वर्गात ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ या फुलाचे शास्त्रीय नाव एका जर्मन राजकन्येवरून पडले असे सांगण्यात आले. ती हीच का? आमच्या सोसायटीत ही झाडे भरपूर आहेत. — एक वाचक भगिनी, नेरूळ

होय, ती हीच. फुलाचे नाव स्ट्रेलिट्झिया रेजिनी. पहिला शब्द तिच्या माहेरच्या संस्थानाचा आणि दुसरा राणीचा. हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाचा संग्राहक फ्रान्सिस मॅसन याने केप प्रांतातून आणलेली रोपे १७७३ च्या सुमारास इंग्लंडात रुजली आणि उद्यानाचा सूत्रधार जोसेफ बँक्स याने राणीच्या सन्मानार्थ हे नाव दिले. ही नुसती खुशामत नव्हती. शार्लटला वनस्पतींचा खरोखर नाद होता. ती आणि तिच्या मुली फुलांची चित्रे काढत, पाने-फुले दाबून जतन करत. जॉन लाइटफूट हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७८८ मध्ये वारल्यावर त्याचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह राजाने तिच्यासाठी विकत घेतला. रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून हुबेहूब फुले साकारणाऱ्या वृद्ध मेरी डिलेनी या तिच्या जवळच्या मैत्रीण होत्या आणि राजाराणीने त्यांना विंडसरला राहायला घर दिले होते.

आपल्या सोसायटीतील झाडांविषयी मात्र एक शंका. नवी मुंबईत बर्ड ऑफ पॅराडाइज म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा हेलिकोनिया असते. हेलिकोनियाचे लाल-पिवळे तुरे एकाखाली एक होड्या लावल्यासारखे दिसतात आणि काही जातींत ते खाली लोंबतात. स्ट्रेलिट्झियाचा दांडा ताठ असतो, त्याच्या टोकाला आडवी, टोकदार, चोचीसारखी हिरवट पेटी असते आणि तिच्यातून नारिंगी पाकळ्या व निळा बाणासारखा भाग वर येतो. आपल्या दमट उकाड्यात हे झाड जगते, पण थंड हवेच्या ठिकाणी फुलते तसे सहसा फुलत नाही. पण निराश होऊ नका. सोसायट्यांच्या फाटकांशी पंख्यासारखी पाने पसरून उभा असतो तो ट्रॅव्हलर्स पाम ताडाच्या कुळातला नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचे कूळ स्ट्रेलिट्झियाचेच, आणि त्या कुळाचे नावही स्ट्रेलिट्झवरूनच पडलेले आहे.

प्रश्न : या राणीला पंधरा मुले झाली असे आपल्या टिपणात होते. एवढ्या बाळंतपणांनंतर बाईची प्रकृती कशी राहिली असेल? आणि आई म्हणून ती कशी होती? — एक निवृत्त परिचारिका, घोडबंदर रोड, ठाणे

पहिला मुलगा, पुढचा चौथा जॉर्ज, १२ ऑगस्ट १७६२ रोजी जन्मला आणि शेवटची अमेलिया ७ ऑगस्ट १७८३ रोजी. एकवीस वर्षांत नऊ मुलगे आणि सहा मुली झाल्या, आणि त्यांतील तेरा जण मोठे झाले. त्या शतकाच्या मानाने हा आकडा विलक्षण आहे; राजघराण्यांतसुद्धा निम्मी मुले हाती लागत नसत, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. गेले ते दोन धाकटे मुलगे. आल्फ्रेड १७८२ मध्ये, दोन वर्षांचा होण्यापूर्वी, आणि चार वर्षांचा ऑक्टेव्हियस त्याच्या पुढच्याच वर्षी. आपण परिचारिका असल्याने हेही सांगायला हवे की लंडनमधील एका जुन्या प्रसूतिरुग्णालयाला तिने आश्रय दिला आणि ते आजही तिच्या नावाने चालते. राजाने तिच्यासाठी घेतलेल्या बकिंगहॅम हाउसमध्ये तिच्या पंधरापैकी चौदा मुलांचा जन्म झाला. तोच पुढे बकिंगहॅम राजवाडा झाला. त्या काळी त्याला राणीचे घर म्हणत.

पहिली काही वर्षे सोपी नव्हती. सासू ऑगस्टा, तीही जर्मनीतल्या साक्स-गोथाची राजकन्या, सुनेने कोणाला भेटावे यावर बारीक लक्ष ठेवी आणि सतरा-अठरा वर्षांची मुलगी आपल्या जर्मन दासींच्या सोबतीने दिवस काढी. पण नवराबायकोचे जमले. तिसऱ्या जॉर्जने, त्याच्या आजोबा-पणजोबांच्या रीतीच्या उलट, एकही अंगवस्त्र ठेवले नाही. दोघांची राहणी बेताची, जेवण साधे. लंडनचे व्यंगचित्रकार त्यांना कंजूष म्हणून चिडवत.

हे घर १७८८ च्या शरद ऋतूत मोडले. राजा तासन्‌तास अखंड बोलू लागला, घोगरा झाला तरी थांबेना, रात्री झोपेना, अंगावर धावून जाऊ लागला आणि एका जुन्या ओळखीच्या उमरावपत्नीवरचे आपले प्रेम सर्वांदेखत बडबडू लागला. शार्लट भ्यायली. ती वेगळ्या खोलीत झोपू लागली आणि दोन मुलींना जवळ ठेवू लागली. नोव्हेंबरअखेर राजाला विंडसरहून क्यू येथे हलवले. लिंकनशरहून आलेल्या फ्रान्सिस विलिस या वैद्याने त्याला हात बांधणारा अंगरखा घातला, खुर्चीला जखडले. त्या खुर्चीला राजा स्वतःच राज्याभिषेकाचे सिंहासन म्हणत असे. या आजाराला एके काळी पोर्फिरिया हा रक्तदोष कारण मानला जाई, अलीकडे बरेच अभ्यासक उन्माद-अवसादाच्या मनोविकाराकडे झुकतात. गेल्या अंकात हे विस्ताराने आले असल्याने इथे थांबतो.

राणीच्या दृष्टीने खरी कसोटी राजकारणाची होती. थोरला मुलगा आणि त्याच्या बाजूचे पुढारी राज्यकारभार हाती घ्यायला टपले होते आणि थोरल्या मुलाला राजाच्या जागी कारभारी नेमण्याच्या पंतप्रधान पिटच्या विधेयकात राजाचा सांभाळ व त्याचे घर राणीकडे सोपवण्याची तरतूद होती. ज्या बाईला राजकारणापासून लांब राहायला सांगून आणले होते, ती स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध पक्षात जाऊन बसली. फेब्रुवारी १७८९ मध्ये राजा सावरला आणि विधेयक बारगळले, पण मायलेकांमधली अढी अनेक वर्षे राहिली. त्याच सप्टेंबरात वीस वर्षांच्या टॉमस लॉरेन्सने तिचे चित्र काढले. त्यात ती विंडसरला खिडकीजवळ बसली आहे, मागे ईटन शाळेचे प्रार्थनामंदिर आणि पानगळीचे झाड दिसते, मनगटावर राजाचे छोटे चित्र मोत्यांच्या सरात बांधलेले आहे आणि नजर कुठेतरी हरवलेली आहे. डोक्यावर टोपी नाही म्हणून राजाला चित्र आवडले नाही. राणीलाही ते आवडले नाही. ते चित्रकाराच्याच घरी पडून राहिले.

आता मुलींविषयी. आपण विचारले ते बरे केले, कारण शार्लटच्या चरित्रातील हा भाग मला सर्वांत दुखरा वाटतो. राजाचे मन पुन्हा बिघडेल या धास्तीने तिने सहा मुलींना स्वतःभोवती घट्ट धरून ठेवले. मुली वाचन, शिवण, फिरणे, आईची सोबत यांतच अडकल्या. स्वतःच्या घराला त्या उपहासाने जोगिणींचा मठ म्हणत. १७७२ च्या कायद्याने राजाच्या संमतीविना विवाह करता येत नव्हता आणि लग्नाचा विषय काढला तर राजा बिथरेल, ही सबब नेहमी तयार असे. थोरल्या मुलीचे लग्न तिसाव्या वर्षी झाले आणि ती व्युर्टेमबर्गची राणी झाली. मेरीला चाळीस वर्षे थांबावे लागले. एलिझाबेथने सत्तेचाळिसाव्या वर्षी, आईचा विरोध पत्करून, हेस-होम्बुर्गच्या राजपुत्राशी लग्न केले. ऑगस्टा, सोफिया आणि अमेलिया यांचे लग्न झालेच नाही. अमेलिया २ नोव्हेंबर १८१० रोजी क्षयाने गेली आणि त्या धक्क्यानंतर राजाचे मन पुन्हा ताळ्यावर आले नाही. १८१२ मध्ये मुलींनी स्वतःच्या हालचालींपुरती मोकळीक मागितली तेव्हा राणीचा संताप झाला. ज्या सावधपणाने तिने सासरी पाय रोवले, तोच सावधपणा तिने मुलींच्या पायात घातला असे माझे मत आहे. तिची बाजू घेणारे म्हणतात की आजारी नवरा, उधळे मुलगे आणि चहूकडून टपलेले पुढारी यांच्यामध्ये तिला दुसरा आधार नव्हता. ते खरे आहे; पण त्याची किंमत मुलींनी मोजली.

प्रश्न : ती राणी असताना आमचे ठाणे इंग्रजांनी घेतले. कालगणना बरोबर आहे ना? आणि हिंदुस्थानशी तिचा प्रत्यक्ष काही संबंध होता का? — एक निवृत्त शिक्षक, कोपरी, ठाणे

गुरुजी, कालगणना बरोबर आहे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर फौजेने डिसेंबर १७७४ च्या अखेरीस घेतला. त्या वेळी शार्लट तीस वर्षांची, दहा मुलांची आई होती. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ठाण्यासह साष्टी कंपनीकडे कायम राहिली. अर्थात हा सगळा कारभार कंपनीचा. राणीचा त्यात कसलाही हात नव्हता. राघोबादादांचे वकील १७८१ च्या सुमारास लंडनला गेले होते आणि एडमंड बर्क या ब्रिटिश खासदाराने त्यांना आपल्या गावाकडच्या घरी ठेवून घेऊन त्यांच्या सोवळ्या स्वयंपाकाची वेगळी सोय केली होती, ही हकिकत आपल्याला ठाऊक असेलच.

प्रत्यक्ष संबंध होता तो हिऱ्यांचा. अर्काटचा नवाब मुहम्मद अली याने १७७७ मध्ये राणीला पाच हिरे नजर केले. नवाबाच्या डोक्यावर युरोपीय सावकारांच्या कर्जाचा डोंगर होता आणि तंजावरच्या मराठी राज्यावर त्याचा डोळा होता, हे लक्षात घेतले की या नजराण्यामागचा हेतू ओळखायला फार हुशारी लागत नाही. १७८६ मध्ये निजामाने पाठवलेला हिरा कंपनीचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या मार्फत राजाला पोहोचला, आणि हेस्टिंग्जवर महाभियोगाची तयारी चाललेली असल्यामुळे राजाराणी हिरे घेऊन त्याला पाठीशी घालतात, अशी व्यंगचित्रे लंडनभर विकली गेली. कंजूष म्हणून आधीच बदनाम झालेल्या राणीला हे चांगलेच झोंबले असणार. अर्काटचे हिरे विकून येणारी रक्कम चार मुलींमध्ये वाटावी, असे तिने मृत्युपत्रात लिहिले. व्युर्टेमबर्गची राणी झालेल्या थोरलीला त्यातून वगळले होते, कारण तिचे चांगले चालले होते. प्रत्यक्षात ते हिरे १८३७ मध्ये लिलावात निघाले आणि वेस्टमिन्स्टरच्या मार्क्वेसने घेतले.

प्रश्न : आठ वर्षांच्या मोझार्टने तिच्यासाठी वादन केले होते हे खरे का? — एक संगीतशिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे

खरे आहे. मोझार्ट कुटुंब एप्रिल १७६४ मध्ये लंडनला आले आणि काही दिवसांतच दरबारात बोलावले गेले. १९ मे रोजी, म्हणजे नेमक्या राणीच्या वाढदिवशी, झालेल्या दुसऱ्या मैफलीत राणी गायली आणि त्या पोराने साथ केली. राणीचा संगीतशिक्षक योहान क्रिस्टियान बाख, म्हणजे थोर संगीतकार बाखचा धाकटा मुलगा, याचा मोझार्टवर पुढे कायमचा प्रभाव राहिला. १७६५ च्या जानेवारीत मोझार्टच्या सहा सोनाटा छापून राणीला अर्पण करण्यात आल्या आणि तिने त्याबद्दल पन्नास गिनी दिल्या. कंजूषपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही नोंदही पाहावी.

प्रश्न : नाताळात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या परिसरात सजवलेले झाड दिसते. ही प्रथा इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने आणली असे वाचले होते. एका व्याख्यानात मात्र शार्लटचे नाव ऐकले. — एक वाचक, ठाणे पश्चिम

दोन्ही नावांना जागा आहे. डिसेंबर १८०० मध्ये विंडसर येथे शार्लटने मुलांच्या मेजवानीसाठी यू या सदाहरित जातीचे अख्खे झाड दिवाणखान्यात उभे केले आणि त्यावर कागदात बांधलेला खाऊ, बेदाणे, बदाम, फळे, खेळणी व छोट्या मेणबत्त्या टांगल्या. मेक्लेनबुर्गकडच्या घराघरांत यूची फांदी सजवत, तीच चाल तिने मोठी केली. उमरावांच्या वाड्यांत ती पसरली. सामान्य लोकांपर्यंत ती गेली १८४० नंतर, आल्बर्ट आणि व्हिक्टोरिया यांच्या झाडाचे चित्र १८४८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर.

प्रश्न : शार्लटखेरीज आणखी कोणकोणत्या जर्मन राजकन्या इंग्लंडच्या राणी झाल्या? — एक वाचक, सीबीडी बेलापूर

हॅनोव्हर घराण्याच्या काळात तिच्याखेरीज तिघी. दुसऱ्या जॉर्जची कॅरोलिन आन्सबाखची. ती बुद्धीने तेज होती आणि राजकारणात उघड मुरलेली होती. चौथ्या जॉर्जची कॅरोलिन ब्रन्सविकची, म्हणजे शार्लटची सून. नवऱ्याने तिला इतके झिडकारले की १९ जुलै १८२१ रोजी त्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अॅबीची दारे तिच्या तोंडावर बंद झाली आणि तीन आठवड्यांत ती वारली. चौथ्या विल्यमची अॅडलेड साक्स-मायनिंगनची. ऑस्ट्रेलियातील शहराचे नाव तिच्यावरून आहे. खुद्द शार्लटच्या माहेरानेही आणखी राण्या दिल्या. तिची भाची लुइझ प्रशियाची लाडकी राणी झाली आणि लुइझची बहीण फ्रेडेरिका शार्लटच्याच मुलाशी विवाह करून पुढे हॅनोव्हरची राणी झाली. या फ्रेडेरिकाला शार्लटने सून म्हणून कधी दारात उभे केले नाही. जे संस्थान कोणाच्या खिजगणतीत नाही म्हणून निवडले, त्याची ही मजल.

प्रश्न : येत्या मे महिन्यात लेकीकडे लंडनला जाणार आहोत. शार्लटशी संबंधित काय पाहता येईल? तिची समाधी कुठे आहे? — एक ज्येष्ठ दांपत्य, वाशी

मे महिना सोयीचा आहे. सर्वप्रथम क्यू गार्डन्सला जावे. तिथला लाल विटांचा क्यू राजवाडा हिवाळ्यात बंद असतो, पण मे महिन्यात उघडा सापडेल आणि उद्यानाच्या तिकिटातच तो पाहता येतो. याच घरात ११ जुलै १८१८ रोजी आजारी राणीसमोर तिच्या दोन मुलांची लग्ने एकदम लागली. त्यांतील एका जोडप्याच्या पोटी पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया जन्मली. १७ नोव्हेंबर १८१८ रोजी, थोरल्या मुलाचा हात हातात धरून, शार्लट याच घरात खुर्चीत बसल्या बसल्या वारली. त्या वेळी विंडसरला आंधळा, बहिरा झालेला राजा जिवंत होता आणि बायको गेल्याचे त्याला शेवटपर्यंत कळले नाही; तो २९ जानेवारी १८२० रोजी गेला. सत्तावन्न वर्षांहून अधिक काळ राजपत्नी राहिलेली दुसरी राणी इंग्लंडच्या इतिहासात नाही. उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला झाडीत तिची गवताने शाकारलेली झोपडीवजा बंगली आहे, ती ठरावीक दिवशीच उघडतात, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवावी.

समाधी विंडसर किल्ल्यातील सेंट जॉर्ज प्रार्थनामंदिरात आहे. रविवारी ते पर्यटकांना बंद असते आणि किल्लाही आठवड्यात दोन दिवस, बहुधा मंगळवारी व बुधवारी, बंद ठेवतात. बकिंगहॅम राजवाड्याची मुख्य दालने साधारण जुलैपासून उघडतात, त्यामुळे मे महिन्यात तो बहुधा बाहेरूनच पाहावा लागेल. लॉरेन्सने काढलेले, राजाने नाकारलेले ते चित्र आता ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. तिथल्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. मात्र चित्रे अधूनमधून हलवतात, तेव्हा ते कोणत्या दालनात आहे हे प्रवेशद्वाराशी विचारून घ्यावे.